नवं बॅरल लावलं तरी गोळी भरकटते : सोलापूरच्या उन्हात पेंटबॉल मार्करचा नेम

तक्रार नेहमी एकाच चालीची असते. मार्करचं, म्हणजे पेंटबॉलच्या खेळात रंग भरलेल्या गोळ्या वायूच्या दाबाने मारणाऱ्या बंदुकीचं, आठ-साडेआठ इंचांचं मूळ बॅरल (नळी) काढलं, चौदा इंचांचं नवं बसवलं, आतून आरशासारखं चकचकीत. पहिल्या दिवशी सकाळी २५ मीटरवरच्या खोक्यावर ठसे झुपक्यात पडले. दुपारी तोच मार्कर, तेच खोकं, आणि एक गोळी डावीकडे, दुसरी डोक्यावरून, तिसरी नळीतच फुटलेली. बॅरल धुतलं, दोन दिवस बरं गेलं. हंगाम बदलला की पुन्हा तेच. मग कोणीतरी सांगतं, चौदा इंची कमी पडतंय, सोळा इंची घे.

घेऊ नका. लांबीने हा आजार जात नाही. गोळी सरळ जायला तीन गोष्टी लागतात: गोळी आणि बोअर (नळीचा आतला व्यास) यांची जुळणी, दर गोळीला सारखा वेग, आणि स्वच्छ, सरळ, बिनखाचेची वाट. सोलापुरात पहिल्या दोन्ही गोष्टी ऋतूप्रमाणे हलतात, दुसरी तर एकाच दिवसात सकाळ-दुपार हलते. म्हणून इथे बॅरल एकदा बदलून विसरता येत नाही. निवड आणि तपासणी दोन्ही या हवेला धरून करावी लागते.

आधी गोळी मोजा

पेंटबॉल ०.६८ कॅलिबर म्हणून विकला जातो, म्हणजे नावाला ०.६८ इंच, १७.२७ मिमी. प्रत्यक्षात खोक्यातून येणारी गोळी साधारण ०.६८० ते ०.६९५ इंचांच्या मध्ये कुठेही बसते. फरक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी, पण बॅरलच्या दृष्टीने हा फार मोठा फरक आहे.

तो का पडतो हे समजलं की बाकीचं सोपं जातं. गोळीचं कवच जिलेटिनचं असतं, औषधाच्या मऊ कॅप्सूलला असतं तसंच, आणि आत पॉलिइथिलीन ग्लायकॉलमध्ये कालवलेला रंग. जिलेटिन हवेतला ओलावा शोषतं आणि सोडतंही. ओलावा घेतला की कवच फुगतं, मऊ पडतं, पिशवीत खाली दबलेली गोळी एका बाजूने चपटी होते. कोरड्या हवेत ओलावा निघून गेला की कवच आकसतं आणि ठिसूळ होतं. थंडीने ठिसूळपणा आणखी वाढतो. आता सोलापूरचं वर्ष डोळ्यांपुढे आणा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर आणि हवा कोरडी ठणठणीत, जुलै ते सप्टेंबर दमट, डिसेंबर-जानेवारीत पहाट गार आणि दुपार उबदार. हुरड्याच्या दिवसांत जुळवलेलं बॅरल चैत्रात जुळत नाही, त्यात बॅरलचा काही दोष नसतो.

उन्हाने ॲल्युमिनियम फुगून बोअर मोठा होतो असंही पुष्कळजण म्हणतात. हिशेब करून पाहा: तापमान २५ अंशांनी वाढलं तर साडेसतरा मिमीचा बोअर जेमतेम ०.०१ मिमीने वाढतो. तो सोडून द्या. बदलते ती गोळी.

मोजायला दोन साधनं पुरतात, एक डिजिटल व्हर्नियर आणि एक बॅरल. खोक्यात सहसा ५००-५०० गोळ्यांच्या चार पिशव्या असतात; वेगवेगळ्या पिशव्यांतून मिळून दहा गोळ्या घ्या. प्रत्येक गोळीवर बारीक शिवण दिसते. एक माप शिवणीवरून, दुसरं शिवणीच्या आडवं. व्हर्नियरचे जबडे नुसते टेकवा. दाबले तर कवच दबतं आणि माप खोटं येतं. दोन मापांत ०.१० मिमीपेक्षा जास्त फरक निघाला तर त्या गोळ्या गोल राहिलेल्या नाहीत. त्यांच्यावर बॅरलचा पैसा घालू नका. त्या सरावाला, नवख्यांच्या खेळाला वापरा.

व्हर्नियरपेक्षा खरी परीक्षा फुंकरीची. मार्करमधून गोळ्या आणि हवा पूर्ण काढा, बॅरल सोडवून हातात घ्या. मागच्या तोंडातून एक गोळी अलगद आत ठेवा आणि बॅरल उभं धरा. गोळी आपल्या वजनाने घरंगळत खाली पडली तर बोअर मोठा. ती अडून राहिली आणि मागून हलकीशी फुंकर मारल्यावर, चहा निववताना मारतो तेवढीच, टपकन बाहेर आली तर जुळणी नेमकी. गाल फुगवून जोर लावावा लागला तर बोअर लहान. दहांपैकी सात-आठ गोळ्या एकसारख्या वागल्या पाहिजेत. चार पडतात, तीन अडकतात, तीन नेमक्या बसतात, असं झालं तर दोष गोळ्यांत आहे. अशा वेळी कोणतंही बॅरल उपयोगाचं नाही.

मैदान चालवणाऱ्यांनी एक पट्टी करून घ्यावी, दरवेळी बॅरल सोडायला नको. १० मिमी जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीत पाच भोकं: १७.३०, १७.४०, १७.५०, १७.६० आणि १७.७० मिमी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत किंवा चिंचोळीत यंत्रमागाचे सुटे भाग करणाऱ्या कोणत्याही चांगल्या लेथवाल्याला हे जमतं. ड्रिल मारून थांबायचं नाही, बोअरिंग करून माप आणायचं आणि दोन्ही बाजूंच्या कडा मोडून घ्यायच्या, नाहीतर धार कवचाला चिरते. माप ०.०२ मिमीच्या आत हवं हे आधीच सांगा. नवीन खोकं फोडलं की दहा गोळ्या पट्टीवरून काढायच्या. ज्या भोकात गोळी अडते आणि बोटाच्या टोकाने जरासं ढकलल्यावर निघते, ते तिचं माप.

बोअर चुकला की नेमकं काय बिघडतं

बोअर मोठा असेल तर गोळीच्या कडेने हवा निसटते. किती निसटेल हे दर वेळी वेगळं, कारण दर गोळी किंचित वेगळी. म्हणून एक गोळी सेकंदाला २७० फुटांनी जाते, पुढची २९५ने. २५ मीटरवर वेगातला २० फुटांचा फरकसुद्धा ठसा आठ-दहा सेंटीमीटर वर-खाली करतो. दुसरं, सैल गोळी नळीत या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत जाते आणि बाहेर पडताना तिला मनमानी फिरकी मिळते. फिरकी डावी मिळाली तर गोळी डावीकडे वळते, खालची मिळाली तर आधीच खाली बसते. क्रिकेटचा चेंडू हवेत वळतो तसंच हे. तिसरं, मार्कर खाली झुकवला की गोळी पुढे घरंगळते आणि बोल्ट, म्हणजे मागून गोळी ढकलणारा दांडा, तिला नीट ढकलतच नाही.

बोअर किंचित लहान असला तर वेग सारखा राहतो आणि हवा कमी लागते. म्हणून गोळीपेक्षा ०.००२ ते ०.००३ इंचांनी लहान बोअर मुद्दाम निवडण्याची पद्धत आहे, आणि ती चांगली आहे. मर्यादा एकच. कवच ठिसूळ असेल तर गोळी नळीत फुटते. सोलापुरात ही वेळ दोनदा येते: जानेवारीतल्या पहाटेच्या खेळात, आणि उन्हाळ्यात पिशवी उघडी राहून गोळ्या वाळल्या तर. एक पायरी लहान बोअरने सुरुवात करा. पन्नास गोळ्यांत दोन नळीत फुटल्या तर एक पायरी वर या.

कोणतं बॅरल घ्यावं

आमचं मत स्पष्ट आहे: एकच पक्का बोअर असलेलं महाग बॅरल इथे घेऊ नये. मागचा भाग बदलता येणारं किंवा आत नळीसारखी इन्सर्ट बसणारं किट घ्यावं. इन्सर्टची रूढ मापं ०.६७९, ०.६८२, ०.६८४, ०.६८७, ०.६८९, ०.६९१, ०.६९३ आणि ०.६९५ इंच. मिलिमीटरमध्ये १७.२५ पासून १७.६५ पर्यंत. आठही घेण्याइतका पैसा नसेल तर ०.६८२, ०.६८५च्या आसपासचं एक आणि ०.६८९, एवढ्या तिघांवर वर्ष निघतं. खर्च इथेच करा, लांबीवर नको.

लांबी १२ ते १४ इंच पुरे. गोळीला ढकलण्याचं काम नळीच्या पहिल्या आठ-एक इंचांत जवळपास संपतं. तेवढा भाग गोळीला जुळलेला असला की झालं. पुढचा भाग थोडा मोठ्या बोअरचा आणि भोकांचा असतो. ती भोकं हवा हळूहळू सोडतात, त्यामुळे आवाज मऊ होतो. नेम त्यांनी वाढत नाही. सोळा-अठरा इंचांचं बॅरल बंकरच्या, म्हणजे लपायच्या आडोशाच्या, कडेला आपटतं, हवा जास्त खातं आणि घासून वेग घटवतं. आत पिळाचे आटे काढलेलं, बंदुकीसारखं रायफल्ड बॅरल गोल पेंटबॉलला उपयोगाचं नाही. कवच मऊ, आत पातळ रंग. पीळ गोळीला नीट पकडतच नाही. मागे फिरकी देणारी वक्र बॅरलं किंवा पुढचे तुकडे मिळतात, त्यांनी गोळी लांब आणि सपाट जाते हे खरं. तो पल्ल्याचा फायदा आहे. ठसे जवळ यायला त्याची मदत होत नाही, आणि गोळी चपटी असेल तर उलट होतं.

आता आटे. सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात. ऑटोकॉकर या मार्करचे आटे १५/१६ इंच व्यासाचे आणि इंचाला २० असतात, आणि बरेच नवे मार्कर तेच घेतात. पण टिपमन ९८चे आटे वेगळे, टिपमन ए-५चे त्याहून वेगळे, स्पायडरचे वेगळे, आयॉनचे वेगळे. टिपमन लिहिलंय म्हणून घेतलं आणि ए-५चं बॅरल ९८वर आलं, असं सतत होतं. मागवण्याआधी मार्करचं नेमकं मॉडेल वाचा. हातात आल्यावर आटे बोटांनीच लावा. पहिले तीन वेढे बोटांनी सहज गेले पाहिजेत. अडलं तर तिथेच थांबा. जोर लावला तर मार्करच्या अंगातले ॲल्युमिनियमचे आटे जातात, आणि ते परत करता येत नाहीत. ॲडॅप्टर लावून दुसरं बॅरल बसवता येतं. मात्र ॲडॅप्टरचे आतले आणि बाहेरचे आटे एकाच मध्यावर नसतील तर बॅरल केसभर तिरकं बसतं आणि सगळे ठसे एका बाजूला सरकतात. असे सरकलेले पण झुपक्यातले ठसे दिसले की आधी ॲडॅप्टर तपासा.

इथल्याच लेथवर अख्खं बॅरल करून घेण्याचा मोह होतो, लेथ तर गल्लोगल्ली आहेत. पट्टी करा, बॅरल करू नका. बारा इंच खोल भोक साध्या लेथवर पाडताना ड्रिल वाकडं सरकतं. बाजारात मिळणारा स्टीलचा पाइप घेतला तर जोडाच्या पाइपला आतून वेल्डची कड असते, आणि ती कड प्रत्येक गोळीला एकाच बाजूने घासते. भोक आणि आटे एकाच पकडीत, एकाच मध्यावर काढणं आणि मग आतून होनिंग करणं, म्हणजे घासून गुळगुळीत करणं, एवढं सगळं जमवेपर्यंत तयार किटच्या किमतीचा मोठा भाग त्यातच जातो.

बसवण्याचा क्रम

खेळातला चष्मा पेंटबॉलचाच हवा, एएसटीएम एफ१७७६ हे मानक छापलेला. वेल्डिंगचा किंवा दुचाकीचा गॉगल चालत नाही. मग:

१. हॉपर (वर बसणारा गोळ्यांचा डबा) काढा. गॅसच्या बाटलीची झडप बंद करा किंवा बाटली सोडवा. मोकळ्या जागी रोखून राहिलेली हवा झाडून घ्या, आवाज पूर्ण बंद होईपर्यंत.

२. जुनं बॅरल काढा. फीडच्या, म्हणजे गोळी आत येण्याच्या वाटेच्या, तोंडाशी अडकलेली गोळी उरली नाही ना, बोट घालून बघा.

३. मार्करच्या आट्यांतला रंग आणि माती जुन्या टूथब्रशने काढा. नव्या बॅरलच्या मागच्या ओ-रिंगला शिफारशीचं ग्रीस बोटाने पुसटसं लावा. ग्रीस नळीच्या आत जाता कामा नये.

४. गोळीच्या मापाचं इन्सर्ट बसवा. बॅरल हाताने आवळा. पान्हा लावायचा नाही.

५. बॅरलच्या तोंडावर कापडी झाकण चढवा, मगच बाटली जोडा आणि हॉपर परत लावा.

६. क्रोनोवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, नेऊन वेग मोजा, झाकण तिथेच काढा. ही पायरी कधीच गाळू नका. लहान बोअर लावला की तोच मार्कर जास्त वेगाने मारतो. काल २७५वर असलेला आज ३०० ओलांडू शकतो. सेकंदाला ३०० फूट म्हणजे ९१ मीटर ही खेळातली वरची हद्द, मैदानावर २८० म्हणजे ८५ मीटरवर ठेवावं.

वेगाचा स्क्रू कुठे फिरवायचा यात गोंधळ होतो. टिपमन ९८मध्ये बाजूचा स्क्रू आत पिळला की वेग कमी होतो. स्पायडरच्या जातीत मागची चावी आत पिळली की स्प्रिंग आवळते आणि वेग वाढतो. सवयीने उलटं फिरवलं तर मार्कर धोक्याच्या वेगावर जातो. पाव वेढा फिरवा, दोन गोळ्या मारा, मग पुढे.

दहा गोळ्या मोजा आणि सर्वांत जास्त व सर्वांत कमी वेगातला फरक लिहून ठेवा. दहा फुटांच्या आत आला तर उत्तम, वीसपर्यंत चालेल, तिसाच्या पुढे गेला तर ठशांकडे बघूच नका, आधी वेग सावरा.

दुपारी बिघडतं ते गॅसमुळे

सकाळी छान आणि दुपारी उधळलं, असा अनुभव असेल तर नव्वद टक्के वेळ आधी बाटलीकडे बघावं. भाड्याच्या मार्करवर अजून कार्बन डायऑक्साइड बराच वापरला जातो. हा वायू बाटलीत द्रव आणि वायू असा दोन्ही असतो आणि त्याचा दाब तापमानावर चालतो: २१ अंशांना साधारण ८५० पीएसआय (चौरस इंचाला पौंड), ३१ अंशांना हजाराच्या पुढे. ३१ अंशांच्या वर त्याचं द्रव रूपच राहत नाही, आणि भरगच्च बाटलीत दाब झपाट्याने चढतो. सोलापुरात मार्च ते जून दुपारी सावलीतही हवा ३१च्या वर असते. उन्हात ठेवलेली बाटली त्याच्याही वर. म्हणून पहिली गोळी ३१०ने जाते. पाठोपाठ दहा मारल्या की बाटली गार पडते, दाब उतरतो आणि अकरावी २६०वर येते. बॅरल त्यात निर्दोष असतं.

उपाय असे. बाटली कायम सावलीत, ओल्या गोणपाटावर नव्हे तर कोरड्या जागी. क्रोनो सकाळी एकदा करून भागत नाही. उन्हाळ्यात जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा. मोजताना दोन गोळ्यांत दहा सेकंद थांबा. भरताना बाटली तराजूवर ठेवा: २० औंसाच्या बाटलीत पूर्ण भरल्यावर ५६७ ग्रॅम वायू मावतो, पण उन्हाळ्यात ४५० ते ४८० ग्रॅमवर थांबणं शहाणपणाचं. जादा भरलेली बाटली गाडीच्या डिकीत तापली तर फुटणारी तबकडी उडते आणि बाटली रिकामी होते. ती तबकडी त्याचसाठी असते. तिच्या जागी दुसरं काही घालू नका. मार्कर उलटा धरून मारला तर द्रव आत शिरतो, वेग एकदम उसळतो आणि ओ-रिंगा गोठून चिरतात.

कायमचा इलाज दाबाच्या हवेचा. ३००० किंवा ४५०० पीएसआयची बाटली, दाब ठरावीक ठेवणाऱ्या रेग्युलेटरमधून बाहेर येणारा दाब साधारण ८००-८५०वर बांधलेला. मार्करला सकाळ-दुपार तेवढाच मिळतो. वेगातला फरक बराच कमी होतो, बॅरलचा खर्च तेव्हा दिसायला लागतो. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर आधी हवेची बाटली घ्या, बॅरल नंतर. बाटलीवरची हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने बाटलीची मजबुती तपासणाऱ्या चाचणीची) तारीख उलटलेली असेल तर भरू नका. भरायला कोरडी, तेल नसलेली हवाच लागते. पंक्चरवाल्याचा काँप्रेसर त्या दाबाच्या जवळपासही जात नाही. ऑक्सिजन तर कधीच नाही. तेलाच्या अंशाशी गाठ पडली तर भडका उडतो.

गोळ्या सांभाळणं

साठवण १५ ते २५ अंशांत, पिशवी बंद. उन्हाळ्यात घरातल्या खालच्या मजल्यावरची, पश्चिमेची भिंत नसलेली खोली निवडा. पत्र्याच्या शेडमध्ये एक दुपार काढलेल्या गोळ्या मऊ पडतात आणि एकमेकींना चिकटतात. पंधरा दिवसांनी पिशव्या उलटवा, म्हणजे खालच्या चपट्या होत नाहीत. मैदानावर थर्मोकोलचा डबा न्यावा, पण त्यात बर्फ मोकळा टाकू नका. थंड गोळीवर दमट हवेत दव धरतं आणि कवच तिथेच फुगून पुळी आल्यासारखं दिसतं. जेलचा गार पाकीट जाड टॉवेलात गुंडाळून तळाशी, वर पुठ्ठा, त्यावर बंद पिशव्या. हॉपरमध्ये एका फेरीपुरत्याच गोळ्या. उरलेल्या रात्रभर हॉपरमध्ये राहू देऊ नका.

जमिनीवर पडलेली गोळी उचलून परत टाकायची नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. आपल्या काळ्या मातीची धूळ बारीक असते, गोळीला चिकटते, आणि बॅरलच्या आतल्या पॉलिशवर लांबलचक ओरखडे पाडते.

पुसणं, धुणं

नळीत एक गोळी फुटली की पुढच्या पाच-सहा नेमाच्या उरत नाहीत. रंग ओला आणि घसरडा असतो, गोळीला एका बाजूने धरतो आणि फिरकी देतो. रबरी चकत्यांचा पुसणा एकदा मागून पुढे ओढा, मग लोकरी काठी फिरवा. आपल्याकडे टॉवेलचा तोटा नाही, म्हणून टेरीचा तुकडा सळईला गुंडाळून आत घालतात. नवा टेरी टॉवेल तंतू सोडतो. ते तंतू भोकांत अडकतात आणि पुढच्या रंगाला धरून ठेवतात. चार-सहा वेळा धुतलेला, वळ्या गेलेला सुती कपडा चांगला.

दिवसाखेर कोमट पाण्याने धुवा. आतला रंग पाण्यात विरघळणारा आहे, साबणाची गरज क्वचितच. बोअरवेलचं पाणी मात्र वापरू नका. क्षार जास्त असल्यामुळे वाळल्यावर आत पांढरा थर धरतो, आणि बोटाला जाणवला नाही तरी गोळीला जाणवतो. शेवटचं पाणी जारचं घ्या, लगेच कोरडं करा. भोकांतला सुकलेला रंग टूथपिकने. पेट्रोल, थिनर, गंज सोडवणारा फवारा यांतलं काही आत नको. तेलाचा पुसट थरही राहिला तर पहिल्या वीस-पंचवीस गोळ्या कुठेही जातात.

तरीही जमत नसेल तर

प्रत्येक तिसरी-चौथी गोळी फुटते, आणि फुटलेल्या कवचाचे तुकडे बॅरलपेक्षा मागच्या बाजूला जास्त सापडतात: हा बॅरलचा दोष नाही. गोळीला थोपवणारा छोटा रबरी किंवा प्लॅस्टिकचा खुंटा, म्हणजे डिटेंट, झिजला आहे. दोन गोळ्या एकदम आत येतात किंवा अर्धी आलेली गोळी बोल्ट चिरतो. हा भाग स्वस्त आहे, हंगामाला एक बदलावाच. बॅरल काढून, हवा नसताना, बोटाने खुंटा दाबा. तो चटकन परत यायला हवा.

सगळे ठसे एकाच बाजूला, पण जवळजवळ: ॲडॅप्टर, किंवा वाकलेलं बॅरल. बॅरल सपाट काचेवर गडगडत सोडा आणि खालची फट बघा. शहाबादी फरशीवर ही परीक्षा करू नका, ती गुळगुळीत वाटली तरी सपाट नसते. मार्कर तोंडाकडून जमिनीला टेकवून उभा करण्याच्या सवयीने बॅरलच्या पुढच्या काठाला खाच पडते. काठावरून नख फिरवा. नख जिथे अडतं, तिथे गोळीही घासते आणि वळते. बारीक खाच असेल तर हजार नंबरच्या पाण्याच्या पॉलिश पेपरने आतून बाहेर हलकेच मोडा. खोल असेल तर पुढचा तुकडा बदला.

ठसे वर-खाली विखुरलेले, आडवे बरोबर: वेगाचा प्रश्न. गॅस, रेग्युलेटर, किंवा बोल्टवरची झिजलेली ओ-रिंग. ठसे चारही दिशांना: गोळी चपटी, किंवा बोअर फार मोठा.

आणि शंका राहिलीच तर अदलाबदल करा. मार्कर टेबलावर वाळूच्या दोन पिशव्यांत पक्का बसवा, २५ मीटरवर रिकामं खोकं, मागे जाळी. एकाच पिशवीतल्या गोळ्या. जुन्या बॅरलने दहा, नव्याने दहा, परत जुन्याने दहा, तेही पहाटे आणि दुपारी दोनदा. प्रत्येक दहाच्या ठशांना वेगळ्या रंगाच्या खडूने खूण करा. सर्वांत लांबच्या दोन ठशांमधलं अंतर टेपने मोजून पुठ्ठ्यावरच लिहा, शेजारी तारीख, तापमान, गोळीचं माप आणि इन्सर्टचा आकडा. पुढच्या उन्हाळ्यात नवं खोकं फोडाल तेव्हा पहिलं इन्सर्ट कोणतं लावायचं ते त्या पुठ्ठ्यावर आयतं मिळेल.